सोडतीतली शिकार, उसातला बिबट्या

‘सोडत’ म्हटलं की नाशिककराला म्हाडाचं घर आठवतं, नाहीतर सरपंचपदाचं आरक्षण. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शिकारीचा परवानाही सोडतीने मिळतो. रॉकी पर्वताचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक युनिट. त्या युनिटात ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या जातीचा नर किंवा मादी मारण्याचे मोजके परवाने निघतात आणि चांगल्या युनिटासाठी अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. इकडे निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या रोजचा झाला आहे. तेव्हा ‘तिकडे मोजून मारतात, मग इथे का नाही?’ असं कुणी विचारलं तर तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्या दोन्ही बाजू पुरत्या ऐकू याव्यात म्हणून मी दोन माणसं कल्पिली आहेत. मामा निफाड तालुक्यातले, द्राक्ष आणि ऊस करणारे, गळ्यात तुळशीची माळ, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जाणारे. ते मांसाला शिवत नाहीत, पण बिबट्या मारायची मोकळीक हवी म्हणतात. भाची डेन्व्हरला स्थायिक झालेली. तिकडच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीची तयारी करते आहे, बंदूक चालवते, पण नाशिकच्या बिबट्यासाठी सोडत काढायला तिचा विरोध आहे. माळ एका बाजूला आणि बंदूक दुसऱ्या बाजूला, अशी सोपी वाटणी या विषयात होत नाही, म्हणून माणसं अशी घेतली.

मामा: तू तिकडे फी भरून जनावर मारणार आणि तुझं सरकार त्याला संवर्धन म्हणणार. आमच्याकडे माणूस गेला तरी कागद आधी नागपूरला, वनखात्याच्या मुख्यालयात जातो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या आसपास महिनाभराच्या आत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी पुणे–नाशिक महामार्ग अडवला, तेव्हा कुठे गोळी चालली. एवढं झाल्यावरच परवानगी मिळणार असेल तर तो कायदा कुणासाठी आहे? एकेकाळी आपल्याकडेही शिकारीचे परवाने होतेच की. मग तुमच्यासारखी सोडत काढा, तालुक्याला पाच-दहा परवाने द्या, फी घ्या, ती गावाला द्या. लपूनछपून फासे लावण्यापेक्षा ते बरं नाही का? मला मारायची हौस नाही. पण रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाने किती दिवस पाठीमागे बघत चालायचं?

भाची: मामा, तुमचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण तिकडच्या सोडतीबद्दल तुम्ही फक्त शेवटचा क्षण ऐकला आहे, गोळीचा. ती व्यवस्था सुरू होते ती त्याच्या आदल्या हिवाळ्यात. बर्फ पडलं की एल्कचे कळप उंचावरून खाली येतात, झाडोरा उघडा पडतो आणि वन्यजीव खात्याची माणसं हेलिकॉप्टरमधून मोजणी करतात. शंभर माद्यांमागे नर किती, पाडसं किती, हे बघतात. त्यावरून त्या डोंगरात पुढच्या वर्षी किती नर आणि किती माद्या काढायच्या ते ठरतं. मग एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आमचे अर्ज. मे-जूनमध्ये निकाल. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही तर एक गुण जमा होतो, पुढच्या वर्षी जास्त गुणवाला आधी. कोलोरॅडोच्या वायव्येला काही युनिटं अशी आहेत की तिथे नर एल्क मिळवायला तिथल्याच रहिवाशाला वीस-वीस वर्षं गुण साठवावे लागतात. १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवानाच नाही. परवाना लागला की खरं काम सुरू होतं: नकाशावर पाणी, चराई, बसायच्या जागा शोधायच्या, सकाळी वारा दरीतून वर चढतो आणि संध्याकाळी खाली उतरतो हे धरून चढाईची वाट ठरवायची, अंगावर भगवा किंवा गुलाबी भडक कपडा ठरावीक मापाचा घालायचा. आणि सर्वांत आधी हिशेब करायचा तो वजनाचा. नर एल्क तीनशे किलोंच्या वर भरतो. खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. म्हणजे गाडीपासून आठ किलोमीटर आत गोळी झाडायची असेल, तर तेवढं मांस पाठीवरून किती फेऱ्यांत बाहेर निघेल हे घरीच ठरलेलं हवं. जे जनावर बाहेर काढता येणार नाही, त्याच्यावर नेम धरायचा नाही.

भाचीच्या बोलण्यातला जो धागा मला महत्त्वाचा वाटतो तो तिच्या शिस्तीचा नाही, त्यामागच्या हेतूचा आहे. मोजून केलेली शिकार ही जनावर कमी करण्यासाठी उभारलेली व्यवस्था नव्हे. पुढच्या वर्षीही शिकारीला जनावर उरावं म्हणून ती उभारली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले एल्क बेसुमार शिकारीने लाखाच्याही खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. ही वाढ शिकार थांबवून, मग राशन लावून झाली. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला आणि शिकाऱ्यांची परवाना-फी दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला त्या पैशाला मुकावं लागेल अशी अट घातली. तेव्हापासून तिथलं खातं जनावर जितकं टिकवेल तितकं त्याचं उत्पन्न टिकतं. मामांना सोडत हवी आहे ती बिबटे कमी व्हावेत म्हणून. त्यांना जे हवं आहे त्याच्या नेमकं उलटं साधण्यासाठी हे यंत्र बनलेलं आहे. तालुक्याला दहा परवाने काढले, त्यांची फी गावाला मिळू लागली, तर पुढच्या वर्षीचे दहा शाबूत राहावेत म्हणून गावालाच बिबटे सांभाळावे लागतील. निफाडच्या कोणत्या गावाला हे मान्य होईल?

मामा: एल्क चारा खातो, माणूस खात नाही, हे मला कळतं. पण तुमच्या तिकडे मांजराच्या जातीचंही मोठं जनावर आहे. प्यूमा. त्याला तुम्ही डोंगरी सिंह म्हणता. त्याची शिकार तुमच्याच राज्यात होते. ती बंद करावी म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात मतदान झालं आणि लोकांनीच ती बंद करायला नकार दिला. खरं ना? मग आमच्या लोकांना तोच अधिकार का नसावा?

भाची: खरं आहे. मतदान झालं आणि बंदीचा प्रस्ताव पडला. त्या शिकारीचा प्रकारही ऐका. प्रत्येक भागात किती प्यूमा मारता येतील याची वरची मर्यादा ठरलेली. शिकाऱ्याने निघण्याआधी चौकशी करायची की त्या भागाची मर्यादा भरली तर नाही ना. भरली असेल तर परवाना खिशात असूनही जायचं नाही. नर-मादी ओळखायची वेगळी परीक्षा. मारल्यावर ४८ तासांत खात्याला कळवायचं, मग कातडं-डोकं दाखवायचं, तिथे वय कळावं म्हणून दात काढून घेतात. एवढं सगळं करूनही त्याने माणसाचा त्रास कमी होतो का? अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदींचा अभ्यास करून २०१३ साली संशोधकांनी जे मांडलं ते उलटंच होतं: जिथे जास्त प्यूमा मारले गेले, तिथे पुढच्या वर्षी तक्रारी आणि गुरांवरचे हल्ले वाढलेले दिसले. त्यांचं स्पष्टीकरण असं की जुना, जम बसलेला नर गेला की त्या जागेवर दोन-तीन तरुण नर उतरतात. त्यांना तिथली वहिवाट माहीत नसते. मामा, शिकारी नेहमी मोठं जनावर शोधतो. आणि मोठं, जुनं जनावर म्हणजे बहुतेक वेळा तेच, जे इतकी वर्षं माणसांना चुकवत आलेलं आहे.

इथे मामा म्हणतील, अमेरिकेचं अमेरिकेला. त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून पुरावा जवळचा बघू. नाशिकच्या दक्षिणेला जुन्नर वनविभाग. तिथे २००१ पासून बिबटे पिंजऱ्यांत धरून मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे सोडण्याचं सत्र चाललं. त्या काळातल्या नोंदी विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०११ साली प्रसिद्ध केल्या. १९९३ ते २००१ या काळात जुन्नरमध्ये बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. धरपकडीच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत मरणाऱ्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. आता कुणी म्हणेल, पिंजऱ्यात धरून सोडणं वेगळं आणि मारणं वेगळं, मेलेलं जनावर परत येत नाही. बरोबर. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: जागा रिकामी होते. उसात डुक्कर आहे, वस्तीत कुत्रं आहे, बांधाला शेळी आहे, कालव्याला पाणी आहे, बारा-चौदा महिने उभी राहणारी गर्द सावली आहे. रिकामी झालेली ही जागा भरायला बिबट्याला फार काळ लागत नाही. अकोले तालुका इगतपुरी आणि सिन्नरला लागून आहे. तिथल्या एका खोऱ्यात कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे दिसले. तिथे वाघ नाही, अभयारण्याचं जंगल नाही. एका चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात बहुतांश वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात सर्वांत मोठा कुत्र्यांचा.

मग ‘डोंगर युनिट’ कुठे आखणार? सोडतीचा सगळा डोलारा या प्रश्नावर उभा आहे. कोलोरॅडोत एक कडा, एक नदी, एक रस्ता अशी हद्द असते आणि हिवाळ्यात त्या हद्दीतला कळप डोळ्यांनी मोजता येतो. नाशिकला डोंगरांची वाण नाही. साल्हेरपासून धोडप, सप्तशृंगी, मार्कंड्या, इकडे ब्रह्मगिरी, अंजनेरी, दक्षिणेला कळसूबाई. पण आपल्या वादातला बिबट्या या कड्यांवर नाही, तो गोदावरी, दारणा आणि कादवेच्या काठच्या उसात आहे. तो मोजायला हेलिकॉप्टर उपयोगाचं नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून होणारी गणना तर त्याहून नाही, कारण पाटाच्या गावात पाणवठे शेकड्याने असतात. देशातल्या बिबट्यांचा २०२२ चा अंदाज १३,८७४ आणि महाराष्ट्राचा १,९८५ असा जाहीर झाला. तो मुख्यतः जंगलातल्या कॅमेऱ्यांवर बेतलेला आहे, उसातल्या बिबट्याचा त्यात नीट हिशेब नाही. आणि हद्दीबद्दल म्हणायचं तर ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेला बिबट्या आठवावा. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला, २००९ मध्ये गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलेला, तो चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत किती वनविभाग आणि तालुके लागले असतील! अशा जनावराचा परवाना निफाडच्या नावावर काढायचा की शहापूरच्या?

मामा: मग पाकिस्तानात कसं जमतं? तिकडे मारखोर म्हणून डोंगरी बोकड आहे. गिलगिट-बाल्टिस्तानात आणि चित्रालला त्याचे वर्षाला मोजके परवाने लिलावाने देतात, परदेशी शिकारी एकेका परवान्याला लाख-लाख डॉलर मोजतात आणि त्यातले ८० टक्के गावाला जातात. त्या पैशातून गावची कामं होतात आणि चोरटी शिकार गावकरीच थांबवतात. मारखोर वाढलासुद्धा. गरीब डोंगरी माणसाला जनावराचा फायदा कळला की तो राखतो. मग आमच्या हिश्शाला नुसतं नुकसान आणि भरपाईचा अर्जच का?

मामांचा हा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम आहे. मारखोर २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या ‘संकटग्रस्त’ वर्गातून वर सरकला, त्याला गावांच्या राखणीचा हातभार लागला. शिकार अमान्य असलेल्या माणसानेही हे प्रामाणिकपणे कबूल करावं. पण मारखोर उघड्या कड्यावर चरतो, समोरच्या धारेवरून दुर्बिणीने मोजता येतो, आणि मारतात तो म्हातारा, मोठ्या शिंगांचा नर. त्याच्या जाण्याने कळपाच्या वाढीला फारसा धक्का बसत नाही. एल्कच्या डोंगरातही हाच नियम आहे: शिंगांसाठी नर मारतात, संख्या आवरायची असेल तर मादीचे परवाने वाढवतात. बिबट्याला हे लावून बघा. संख्या आवरायची म्हणजे मादी मारायची. आपल्याकडे मादी वितेच उसात. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांना सरीत पिल्लं सापडतात. ती जागेवर ठेवली तर रात्री आई येऊन घेऊन जाते, हे वनखात्याच्या माणसांनी आणि वन्यजीव पथकांनी कितीदा घडवून आणलं आहे. आई मेली तर उसात उरतात अर्धवट वाढलेली, शिकार न शिकलेली पिल्लं. आणि शेळीमागे अंगणात येणाऱ्या तसल्या बिबट्याची भीती सगळ्यांत जास्त. शिवाय गावाला मारखोराचा पैसा मिळतो तो मारखोर गावाचा काही बिघडवत नाही म्हणून टिकतो. ज्या जनावराने लेकरू नेलं त्याचा लिलाव मांडून गावाने कोणत्या मनाने पैसे मोजायचे? आपल्या डोंगरातल्या महादेव कोळी, कोकणा, वारली लोकांनी वाघबारस धरली, वाघदेवाला नैवेद्य ठेवला. भीती आणि शेजार दोन्ही मान्य करून राहण्याची ती रीत आहे. त्या रीतीने आज निफाडच्या मळ्यातली बाई सुरक्षित होईल असं मी म्हणत नाही. पण विकत घेतलेल्या मरणापेक्षा ती रीत या जनावराच्या स्वभावाला जास्त जवळची आहे.

मामा: तू बोलतेस ते सगळं आकड्यांनी बरोबर असेल. पण एक सांग. तू डोंगरात जातेस ती तुझ्या मनाने. बर्फ, कडा, अस्वल, सगळा धोका तू पत्करतेस, नको असेल तेव्हा घरी राहतेस. आमच्याकडे उसात खुरपायला बसलेली बाई काय पत्करून बसते? शाळेतून येणारं पोर? जुन्नरच्या त्या चार आणि सतरा या आकड्यांमध्ये कुणाची तरी घरं आहेत. तू दुरून म्हणतेस, थांबा. आम्ही थांबायचं म्हणजे किती जण जाईपर्यंत थांबायचं?

या प्रश्नाला भाचीकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते कुणाकडेच असू नये असं मला वाटतं. शिकारी धोका निवडतो, शेतकरी निवडत नाही. या एका फरकासमोर ‘सहजीवन’ हा शब्द फार हलका पडतो. म्हणूनच मी कायद्याच्या बाजूने बोलताना त्यातली बंदूकही लपवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला विशेष, मोठ्या आणि लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. पण अकरावं कलम राहिलं. माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर, पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतलं असलं तरी, ते पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही याची खात्री झाल्यावर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने मारता येतं. यवतमाळची ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला अशाच आदेशाखाली मारली गेली. त्यावर वादही झाला. म्हणजे आपल्याकडे परवाना आहे. तो एका ठरलेल्या जनावराचा आहे, ठसे, कॅमेरा आणि लाळेच्या तपासणीने ओळख पटवून द्यायचा आहे. मामांची तक्रार खरी आहे ती तो वेळेवर निघत नाही याबद्दल. तो लवकर निघावा यासाठी जेवढा जोर लावावा तेवढा थोडा. पण बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढून दुसऱ्या अनुसूचीत टाका ही मागणी वेगळी आहे. तसं झालं तर माणसाच्या जिवाबरोबरच मालमत्तेला धोका हेही मारण्याचं कारण होऊ शकतं. मग एक शेळी गेली की परवाना, आणि तो कोणत्या बिबट्याचा हे कुणी सांगायचं नाही. जुन्नरच्या त्या वर्षांत जे पिंजऱ्याने झालं ते बंदुकीने होईल.

हा नुसता तर्क नाही. अनुसूची खालची, परवाना सोपा, असं एक जनावर आपल्याकडे आधीच आहे: रानडुक्कर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये डुक्कर आणि रोही यांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. केरळने २०२२ मध्ये तो डुकरापुरता स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. आपल्या परवानगीला युनिट नाही, वरची मर्यादा नाही, नर-मादीचा विचार नाही. सोडतीतल्या शिकारीची एकही शिस्त तिच्यात नाही, फक्त शेवटची गोळी तेवढी आहे. आणि ती गोळीही बहुतेकदा सुटत नाही, कारण शेतकऱ्याकडे बंदूक नाही, ज्याच्याकडे आहे त्याला रात्रभर बांधावर बसायला सवड नाही. मग तारेत वीज सोडली जाते, क्लच वायरचे फासे लागतात, गावठी बॉम्ब पेरले जातात. त्यात डुक्कर सापडतं, तसंच कुत्रं, बिबट्या आणि कधी माणूसही. युरोपात तर बंदुका आणि शिकारी दोन्ही आहेत, तरी गेल्या काही दशकांत रानडुक्कर तिथे वाढतच गेलं. एक मादी वर्षाच्या आत वयात येते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. तिच्या गतीशी तुटक परवाने काय पुरणार? मोजणीविना दिलेली परवानगी शेतकऱ्याला काहीच देत नाही, हे डुकराने आपल्याला दाखवून दिलं आहे. डुकराच्या बाबतीत मी तर म्हणेन की सोडतीच्या पद्धतीतलं जे घ्यायचं ते इथे घ्यावं: गटागटाने हद्द, हंगामाआधी नुकसानीची आणि कळपांची मोजणी, प्रशिक्षित मोजके नेमबाज, मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद गावच्या फलकावर. शिकारविरोधी मित्रांना हे रुचणार नाही. पण आज फाशात तडफडणारं डुक्कर आणि त्याच फाशात अडकलेला बिबट्या त्यांनी डोळ्यांसमोर आणावा.

भाची: मामा, तिकडची एकच गोष्ट इथे आणता आली तर मी बंदूक आणणार नाही, ती नोंदवही आणीन. हंगाम संपला की खातं शिकाऱ्यांना विचारतं: कुठे गेलात, किती दिवस फिरलात, काय मारलं. दरवर्षी एल्कच्या मागे जाणारे बहुतेक लोक रिकाम्या हाताने परत येतात. मीही तशीच येण्याची शक्यता जास्त. पण रिकाम्या हाताने आलेल्यालाही विचारतात, कारण काही न मिळणं हाही आकडाच आहे. त्यातूनच पुढच्या वर्षीचे परवाने ठरतात. निफाडच्या ऊसपट्ट्याचं असं एक युनिट धरा. वर्षाला कॅमेऱ्यात किती वेगवेगळे बिबटे आले, किती पिंजऱ्यात पडले, ते कुठे सोडले, किती माणसं जखमी झाली, ती दिवसा की रात्री, शेतात की अंगणात, किती जनावरं उघड्या गोठ्यातून गेली आणि किती बंद गोठ्यातून, हे ग्रामसभेत वाचून दाखवायचं. म्हणजे पैसा पिंजऱ्यावर घालायचा की बंदिस्त गोठ्यावर, हे तुम्हीच ठरवाल. ज्या बिबट्याने माणूस धरला त्याचे फोटो आधीपासून असतील, तर त्याला ओळखून आदेश काढायला महिना लागणार नाही.

मामा: नोंदवही आणा, मी सही करतो. पण तिच्यात एक रकाना माझा घाला. शेतीची लाईट किती वाजता आली. दिवसा वीज देऊ म्हणून सौर वाहिनीच्या योजना निघाल्या. ज्या फिडरवर दिवसा मिळते तिथली माणसं रात्री उसात जात नाहीत, ज्यांना नाही मिळत ती जातात. त्या अभ्यासांत बिबट्या कुठे फिरतो ते आहे, माणूस त्या वेळी तिथे का होता ते कुठे आहे? आता हा आठवडा आमची रात्रीची पाळी आहे. दहाला लाईट येते, सकाळपर्यंत पाणी धरायचं. लिही त्यात.